दोन घाव

पहिली थप्पड बसली तेव्हा मामा स्टुलावर चढून काडीसरांच्या दारावरचा तिसरा स्क्रू आवळत होते. आवाज एवढा मोठा झाला, की त्यांना आधी वाटलं, आपल्याच हातून पाटी निसटून फरशीवर पडली. खाली पाहिलं, तर पाटी दारावर होती आणि काडीसरांचा चष्मा फरशीवर.

"मान्यवर?" तोफसर ओरडले. "तू मान्यवर? आरशात थोबाड बघितलंयस कधी?"

काडीसर भिंतीला टेकले. गालावर चार बोटं स्पष्ट उमटली होती. "सर, यादी वरून आलीय. मी थोडीच—"

"यादी गेली खड्ड्यात! गणित विभागाचा प्रमुख मी. बावीस वर्षं. माझ्या दारावर मान्यवर प्राध्यापक आणि ह्याच्याही दारावर मान्यवर प्राध्यापक? मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला रे?"

दुसरी थप्पड चुकवायला काडीसर खाली वाकले आणि ती त्यांच्या कानावर बसली. मग तोफसरांनी त्यांची कॉलर धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. मामा स्टुलावरून उडी मारून मध्ये शिरले. तोफसरांचं कोपर त्यांच्या तोंडावर आलं आणि खालचा ओठ फाटला.

"सर, सोडा! पोरं बघतायत."

जिन्यावर सात-आठ विद्यार्थी खरंच उभे होते. तोफसरांनी कॉलर सोडली, स्वतःचा शर्ट नीट केला आणि जिन्याकडे पाहून हसले. प्राध्यापक लोक चर्चा करतात, तसे. जाता जाता मामांना म्हणाले, "ती पाटी काढ."

"लेखी हुकूम लागतो सर."

"आणतो," तोफसर म्हणाले. "हुकूमच आणतो."

मामांना विद्यापीठात सगळे मामाच म्हणत. कार्यशाळेत मागच्या बाजूला त्यांचं टेबल होतं. पितळी पत्रा कापायचा, छिन्नीने अक्षर खोदायचं, खाचेत काळी लाख वितळवून भरायची आणि पाणी मारत मारत घासायचं. एका पाटीला दोन दिवस लागत. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही पाटीवरचं वेलांटीचं वळण चुकवलं नव्हतं.

ते नोकरीला लागले तेव्हा अख्ख्या इमारतीत प्राध्यापक चार. बाकी सगळे अधिव्याख्याते. चारांपैकी एखादा व्हरांड्यातून गेला, की पोरं आपोआप भिंतीला लागत. पुढे एका वर्षी सगळेच प्राध्यापक झाले. मग सगळेच प्राध्यापक म्हटल्यावर जुन्यांना राग आला, म्हणून वरिष्ठ प्राध्यापक निघाले. चार वर्षांत तेही सगळे झाले. आता मान्यवर. एका यादीत एकसष्ट मान्यवर. दारं तीच, माणसं तीच, फळे आणि खडूही तेच, पाट्या तेवढ्या लांबत गेल्या. मामांनाही मध्यंतरी एक कागद आला होता, की आजपासून तुम्ही 'अभिलेखन तंत्रज्ञ'. बायकोने तो वाचून विचारलं होतं, "म्हणजे आता छिन्नी आपोआप चालणार का?"

काडीसर चष्म्याच्या काचा गोळा करून खोलीत गेले आणि आतून कडी लागली. काडीपैलवान हे पोरांनी ठेवलेलं नाव, त्याचं पुढे काडीसर झालं. माणूस हुशार, पण कुणी मोठ्याने बोललं की जिभेला गाठ पडायची.

व्हरांड्याच्या टोकाची खोली उघडली आणि बाई ओला रुमाल घेऊन आल्या. मामांच्या ओठावर त्यांनी तो दाबून धरला.

"कारागीर, मध्ये कशाला पडतोस? सगळ्यांनाच पालखीत बसायचंय. खांदा द्यायला तूच उरलास होय?"

मामांना कारागीर म्हणणाऱ्या त्या एकट्या. वय बासष्ट, चण लहान, केस पांढरेशुभ्र. मामा लागले तेव्हा अक्षर सुंदर आणि ऱ्हस्वदीर्घाच्या नावाने बोंब. बाईंनी रोज दुपारी अर्धा तास बसवून त्यांना लिहायला शिकवलं होतं. त्यांच्या दारावर अजूनही 'अधिव्याख्याता' होतं. अख्ख्या विद्यापीठात ती एकच पाटी तशी उरली होती.

प्राध्यापकी त्यांना चालून आली नव्हती असं नाही. तीनदा आली. तिन्ही वेळा त्यांनी अर्ज कोरा परत पाठवला. मामांनी एकदा विचारलं होतं, "बाई, एक सही करायला काय जातं?"

"मी तरुण असताना एकदा अर्ज केला होता," बाई म्हणाल्या होत्या. "तेव्हा तीन म्हाताऱ्यांनी माझी सिद्धता दोन दिवस तपासली. म्हणाले, पोरी, चौथ्या पानावर भोक आहे. ते बुजव आणि ये. खरंच होतं रे. अजून बुजलं नाही. मग जाऊ कशी?"

तोफसरांनी हुकूम आणलाच, पण वेगळाच आणला. वर जाऊन त्यांनी कुणाचे पाय धरले, कुणाला दम दिला, कोण जाणे. पंधरा दिवसांत नवं पद निघालं: महामान्यवर प्राध्यापक. विभागात एकच, आणि तेही विभागप्रमुखालाच. अट एवढीच, की त्या विभागातल्या प्रत्येकाने आधी मान्यवर असलं पाहिजे.

गणित विभागात अकरा जण. दहा मान्यवर. अकराव्या बाई.

सुरुवातीला तोफसर गोड बोलले. फुलं घेऊन बाईंच्या खोलीत गेले, "तुम्ही आमच्या आईसारख्या" म्हणाले. बाईंनी फुलं पाण्यात ठेवली आणि अर्ज परत दिला. मग त्यांचे तास काढून घेतले. बाई बागेतल्या बाकावर शिकवायला लागल्या आणि वर्गात नसायची तेवढी पोरं तिथे जमायला लागली. मग एका सकाळी त्यांची खोली उघडी सापडली. फळा कुऱ्हाडीने फोडलेला, टेबलाचे खण उपसलेले, वह्यांवर शाई ओतलेली. दुसऱ्याच दिवशी बागेत दोन अनोळखी माणसं आली. पुढच्या रांगेतल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी बाईंच्या देखत बेल्टने झोडपलं. पोरगं पाठ धरून गवतात लोळत होतं आणि बाई त्याच्यावर आडव्या पडून ओरडत होत्या. पोलिसांनी नोंद केली: विद्यार्थ्यांचा आपसातला वाद.

त्याच आठवड्यात मामांच्या टेबलावर लेखी हुकूम आला. अर्जाची गरज नाही, दारावर पाटी लागली की पद स्वीकारलं असं धरलं जाईल. बाईंच्या नावाची पाटी करा. मान्यवर प्राध्यापक.

मामांनी ती कोरली. त्यांनी मनाशी म्हटलं, पाटीच तर आहे. लागली की मारामाऱ्या थांबतील, पोरं मार खायची थांबतील, म्हातारीला शांतपणे बसता येईल. पितळेचा एवढासा तुकडा, त्याने बाई थोड्याच बदलणार आहेत? दोन दिवस ते हेच स्वतःला सांगत होते आणि बाईंना मात्र काहीच सांगितलं नाही.

परीक्षेचे दिवस होते. दुपारी दोनला व्हरांडा रिकामा. तोफसर पुढे, मधे मामा, आणि साक्षीदार म्हणून मागे काडीसर. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मामांच्या हातातली पाटी घेतली आणि उजेडात धरली.

"तू कोरलीस?"

"हुकूम होता, बाई."

"अक्षर चांगलं आलंय," बाई म्हणाल्या आणि पाटी परत दिली. मग दार ओढून घेतलं आणि त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "पण ही इथे लागणार नाही."

"बाजूला व्हा," तोफसर म्हणाले.

"नाही."

"बाई, मी शेवटचं सांगतोय. तुमच्या एका हट्टापायी माझं—"

"तुमचं काय अडलंय माझ्यावाचून? मी खोटं लिहून घेणार नाही. तुम्ही हवं तर दारच काढून न्या."

तोफसरांनी त्यांचा दंड धरला आणि ओढलं. बाईंनी दुसऱ्या हाताने दाराची मूठ पकडली. एवढ्याशा बाईची पकड सुटेना. तोफसरांनी त्यांच्या बोटांवर मुठीने एक ठोसा मारला, आणखी एक मारला. बोटं सुटली. मग त्यांनी बाईंना दोन्ही हातांनी उचलल्यासारखं केलं आणि फेकलं. फेकलंच. मामांना पुढे कितीतरी दिवस दुसरा शब्द सापडला नाही. समोरच्या खिडकीचा दगडी कठडा बाईंच्या डोक्याला मागून लागला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. त्या बसल्या, मग हळूच एका कुशीवर कलल्या. पांढऱ्या केसांतून रक्त आलं आणि फरशीच्या सांध्यातून वाट काढत निघालं.

तोफसर म्हणाले, "पाटी लाव."

जुनी पाटी उचकटायला आणलेली हातोडी मामांच्या हातात होती. ती कधी वर गेली ते त्यांना कळलं नाही. पहिला घाव तोफसरांच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली बसला. तोफसर किंचाळून गुडघ्यावर आले आणि तो हात त्यांनी फरशीवर टेकला. दुसऱ्या घावाच्या वेळी मात्र मामांना सगळं दिसत होतं. टेकलेलं मनगट दिसत होतं. आता हा काही करू शकत नाही, हेही दिसत होतं. छिन्नीवर मारावी तशी नेम धरून त्यांनी हातोडी मारली.

मग ती टाकून दिली आणि बाईंचं डोकं मांडीवर घेतलं. माणसं धावत आली तेव्हा मामांचा शर्ट, हात, तोंड, सगळं रक्ताने माखलं होतं आणि काडीसर भिंतीला टेकून उभे होते, तोंड उघडं, आवाज नाही.

संध्याकाळपर्यंत विभागातल्या दहाही जणांच्या सह्यांचा कागद तयार झाला. त्यात लिहिलं होतं, की मामांचं डोकं फिरलं, त्यांनी बाईंना ढकललं आणि अडवायला गेलेल्या विभागप्रमुखांचा हात मोडला. प्रत्येक सहीखाली 'मान्यवर प्राध्यापक' होतं. त्यातल्या आठ जणांनी काहीच पाहिलं नव्हतं.

कोठडीत मामांना उपडं पाडून तळपायांवर मारलं. "एका म्हातारीवर हात टाकतोस?" हवालदार प्रत्येक फटक्याला म्हणत होता. त्याचा राग खरा होता, म्हणून मामांना त्याचं काही वाटलं नाही. नवव्या दिवशी बाई शुद्धीवर न येताच गेल्या. ते मामांना त्याच हवालदाराने सांगितलं. त्या दिवशी त्याने मारलं नाही.

कामगार संघटनेच्या वकिलाने चार महिन्यांनी जामीन मिळवला. घरी आल्यावर बायकोने पाय शेकता शेकता बाकीचं सांगितलं. विद्यापीठात मोठी शोकसभा झाली. कुलगुरूंनी डोळे पुसले आणि ठराव वाचला: बाईंच्या प्रदीर्घ सेवेचा गौरव म्हणून त्यांना मरणोत्तर मान्यवर प्राध्यापक हे पद देण्यात येत आहे. सगळे उभे राहिले.

"म्हणजे अकरा झाले," मामा म्हणाले.

"हो. तो गळ्यात हात बांधून स्टेजवर गेला आणि तिथेच महामान्यवर झाला." बायकोने फडकं पिळलं. "त्याच सभेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो."

मामा उठले. पाय टेकवत नव्हते, तरी चपला घालून निघाले. बायको मागून हाका मारत राहिली.

काडीसरांचं घर दोन जिने वर. दार त्यांनीच उघडलं. मामांनी त्यांना गळ्याला धरून आत ढकललं. खुर्ची उलटली, टेबलावरचे कप फुटले. काडीसर पाठीवर पडले आणि मामा त्यांच्या छातीवर गुडघा देऊन बसले. आतून सरांची बायको ओरडत आली आणि मामांच्या पाठीत बुक्क्या मारायला लागली.

"तू होतास! तू बघितलंस! माझ्या नावावर मरण लिहिलंस तिचं!"

मामांच्या बोटांत चौतीस वर्षांच्या छिन्नीची ताकद होती. काडीसरांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला. त्यांनी हात वर केले नाहीत. मामांची पकड जरा सैल झाली तेव्हा ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मारा. त्यांनी मारलं तेव्हाही मी काही बोललो नव्हतो."

मामांनी त्या गळ्यावरचा आपला हात पाहिला. केसाळ, जाडजूड, एका अशक्त माणसाच्या मानेवर दाबलेला. एखाद्या परक्याचा असावा तसा. त्यांनी तो उचलला.

सरांची बायको कोपऱ्यात बसून रडत होती. मामांनी उलटलेली खुर्ची सरळ केली.

"बाईंनी तुम्हाला शिकवलं होतं ना, सर?"

"हो. दोन वर्षं."

"मी आता परत येणार नाही. माझ्यातर्फे दुसरंही कुणी येणार नाही." मामा दारापर्यंत गेले. "वहिनी, कप फुटले. माफ करा."

खटला उभा राहायला पुढे वर्ष गेलं. मामांची नोकरी गेली होती. लोखंडी फाटकं बनवणाऱ्या एका दुकानात ते कानस मारायला जात. वकील दर आठवड्याला एकच गोष्ट बजावत असे: "मामा, हातोडी स्वतःच्या बचावासाठी उचलली, एवढंच म्हणायचं. बाकी मी बघतो."

साक्षीच्या दिवशी काडीसर पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा समोरच्या बाकावर विभागातले नऊ जण ओळीने बसले होते. मधोमध तोफसर, आखडलेला उजवा हात मांडीवर ठेवून.

"आपला हुद्दा?" सरकारी वकिलाने विचारलं.

काडीसर काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने सांगा."

"मी गणित शिकवतो," काडीसर म्हणाले. मग त्यांनी कठडा घट्ट धरला आणि बोलायला लागले. आवाज कापत होता, वाक्यं तुटत होती, पण ते थांबले नाहीत. बाईंनी दाराची मूठ कशी धरली, बोटांवर ठोसे किती, फेकताना कुणाचे हात कुठे होते. पाने लावून सिद्धता मांडावी तसं त्यांनी एकेक पायरी सांगितली. शेवटी म्हणाले, "त्या कागदावरची माझी सही खोटी आहे. म्हणजे सही माझी आहे, मजकूर खोटा आहे."

तोफसर बाकावरून उठले. "हरामखोर! तुला मी मान्यवर केला!" डाव्या हाताने समोरची खुर्ची उचलून त्यांनी फेकली. ती पिंजऱ्याच्या कठड्यावर आपटली आणि एक पाय तुटून काडीसरांच्या कपाळाला लागला. शिपायांनी तोफसरांना खाली दाबलं. काडीसरांनी रुमाल कपाळावर धरला आणि न्यायाधीशांना विचारलं, "पुढे सांगू?"

मग मामांची पाळी आली. वकिलाने डोळ्यांनी खुणावलं.

"साहेब, मी दोनदा मारलं," मामा म्हणाले. "पहिला घाव रागाचा होता. तो कसा बसला, मला ठाऊक नाही. दुसरा मी बघून मारला. माणूस खाली होता, हात टेकलेला होता, तरी मारला. तो माझा. बाईंचं मरण माझं नाही."

वकिलाने कपाळावर हात मारला.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. बाईंच्या मृत्यूच्या आरोपातून मामा सुटले आणि त्यासाठी तोफसरांना अटक झाली. मोडलेल्या हाताबद्दल मामांना एक वर्षाची शिक्षा झाली. कोठडीतले चार महिने त्यातून वजा. मामांनी मान हलवली. हिशोब त्यांना पटला होता. त्यांच्या बायकोने मात्र पदर तोंडात कोंबला.

न्यायालयाच्या व्हरांड्यात दुपारचं ऊन आलं होतं. गाडी यायला वेळ होता. हवालदाराने मामांच्या उजव्या हातात बेडी घातली, साखळीचं टोक स्वतःच्या हातात धरलं आणि म्हणाला, "बसा मामा. काही खायचं असेल तर खाऊन घ्या."

बायकोने डबा आणला होता. मामांनी बसायला जागा शोधली. लांब बाकाच्या एका टोकाला काडीसर एकटेच बसले होते. कपाळावर टाक्यांची खूण. विद्यापीठाची बरीच माणसं निकालाला आली होती, पण त्यांच्या बाकावर कुणी बसलं नव्हतं. येणारे-जाणारे त्यांच्यापाशी आले की दुसरीकडे पाहत. त्यांची पाटी उतरवली, असं मामांच्या कानावर आलं होतं. पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही, तेही ठरलं नव्हतं.

मामा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. साखळी पुरेना म्हणून हवालदारही सरकला.

"जेवलात का सर?"

काडीसरांनी मान हलवली. मामांनी डबा मध्ये ठेवला, झाकणात अर्धं काढलं आणि झाकण त्यांच्याकडे सरकवलं. दोघं जेवले. सर हळूहळू चावत होते, लहान मुलासारखे, खाली बघून. मामांची बायको समोर उभी राहून दोघांकडे पाहत होती. एकदा तिने आपल्या वाटणीचंही सरांच्या झाकणात वाढलं.

जेवण झाल्यावर मामा हात धुवायला म्हणून नळाकडे निघाले, पण साखळी ताणली गेली. हवालदार स्वतःच्या डब्यातला घास तोंडात कोंबून उठायला लागला.

"बसा, बसा," काडीसर म्हणाले.

त्यांनी मामांच्या बायकोच्या हातातला पाण्याचा तांब्या घेतला आणि मामांपुढे खाली वाकले. मामांनी बेडी घातलेला हात व्हरांड्याच्या कडेवरून पुढे केला. सर बारीक धारेने पाणी घालत राहिले. बोटांवर, तळव्यावर, मग बेडीखालीही लागावं म्हणून बेडी एका बोटाने किंचित वर उचलून.